पार्टिशनपलीकडचा अभ्यासू

दिवा बारीक करा आणि जरा जवळ सरका. माझ्याबरोबर शाळेत एक कारकून होता, त्याची ही गोष्ट. सगळे त्याला घोकू म्हणायचे. त्यानं मास्तर व्हायचं डोक्यात घेतलं होतं, पण मानसशास्त्राच्या पहिल्या पेपरात दर वेळी त्याचं घोडं पेंड खायचं. ही शेवटची संधी होती. यानंतर फॉर्मच भरता येणार नव्हता, म्हणजे जन्मभर कारकुनी.

सोमवारी पेपर. रविवारी संध्याकाळी बायकोनं भरून दिलेला चहाचा थर्मास घेऊन तो कॉलेजच्या अभ्यासिकेत निघाला. तिथे एक जुनी रीत होती. ज्याचा घरी अभ्यास होत नाही, त्यानं शिपायाकडून स्वतःला कोंडून घ्यायचं. कुलूप बाहेरून, ते सकाळीच निघायचं. घोकूनं शिपायाला बजावलं, "मामा, मी कितीही बोंबललो तरी उघडू नका." मामा नुसते हसले.

खिडकीला गज. मधे प्लायवूडचं पार्टिशन, वर हातभर फट. पलीकडच्या खोलीला दार वेगळं. घोकूची पद्धत अशी, की प्रश्नही आपणच विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं, मोठ्यानं. अभिसंधान म्हणजे काय? घंटा, अन्न, कुत्र्याची लाळ. इथवर ठीक होतं. मग प्रबलन आणि शिक्षा, संवेदन आणि अवधान, सगळ्याची खिचडी व्हायला लागली. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. घोकूनं दाराला धडका दिल्या, मामांना हाका मारल्या. कोणी आलं नाही. खांदा ठणकायला लागला तेव्हा तो मुकाट्यानं परत येऊन बसला. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता, ओरडणार कोणावर?

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "अल्पकालीन स्मृती म्हणजे काय?"

विशीतला मुलगा असावा. घोकूला हायसं वाटलं. आपल्यासारखाच कोणीतरी कोंडलेला. मग दोघांचं छान जमलं. तो विचारायचा, हा सांगायचा, चुकलं की तो न चिडता समजावायचा. घोकूचा गुंता सुटत गेला. उपकार कसे फेडावेत म्हणून त्यानं काचेच्या ग्लासात चहा ओतला आणि खुर्चीवर चढून फटीतून पलीकडे धरला. ग्लास घेतला गेला. हाताला हात लागला नाही.

"आता शेवटचं," आवाज म्हणाला. "शिकलेली असहायता."

हे तर तोंडपाठ होतं. कुत्र्याला बांधून विजेचे झटके देतात. तो धडपडतो, सुटका होत नाही, मग धडपड सोडतो. पुढे त्याला मोकळं ठेवलं, नुसती बुटकी फळी ओलांडायची असली, तरी तो जागचा हलत नाही.

"का?"

"सुटका नाही, हे तो शिकलेला असतो."



"मीपण खूप धडका मारल्या," आवाज म्हणाला. "मग सोडून दिलं..."

"कधी?"

घोकूनं पुस्तक मिटलं.

"अरे, कधीपासून आहेस तू इथे?"

घोकूनं वर पाहिलं. फटीपलीकडे अंधार होता. इतका वेळ खुर्ची करकरली नव्हती. पान उलटलं नव्हतं. श्वाससुद्धा...

"तू दार परत बघितलंस?"

घोकूचे पाय उचलेनात. दार बंद होतं. त्यानंच बंद करायला लावलं होतं. बसून राहावं... सकाळ होईल... बसून...

"बघ ना." आता अगदी जवळून. प्लायवूडला तोंड लावून. "मी नाही बघितलं."

घोकू उठला. दार ढकललं.

उघडलं.

तो बाहेर कोलमडला. पळायचं सोडून, का कोण जाणे, मागे वळून ओरडला, "तुझंही उघडंच असेल रे... बघ एकदा." आणि मग जो सुटला तो थेट मामांच्या खोलीत.

मामा जागेच होते. पाणी दिलं आणि सांगितलं, पोरांचं ओरडणं थांबलं की ते गुपचूप कुलूप काढून ठेवतात. त्यांच्या आधीच्या शिपायाचीही हीच रीत. एकदा त्यानं असंच पलीकडच्या खोलीचं कुलूप काढलं आणि रात्रीच गावी गेला. पुढे सुट्ट्या लागल्या. सुट्ट्या संपल्यावर आतला मुलगा सापडला तो दारासमोर बसलेला... दार नुसतं लोटलेलं होतं.

"कुलूप काढायची रीत जुनी," मामा म्हणाले. "जागं राहायची माझी."

घोकू पेपर पास झाला, पुढे मास्तरही झाला, ते सोडा. उजाडल्यावर दोघं तिकडे गेले. पलीकडच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत मोडके बाक रचलेले, उभं राहायलाही जागा नाही. ते दार कित्येक वर्षांत कोणी उघडलं नव्हतं. त्या सकाळी ते सताड उघडं होतं.

आणि उंबरठ्याच्या बाहेर घोकूचा ग्लास होता, रिकामा, नीट पालथा घातलेला. मामांनी उचलून पाहिला. काच अजून गरम होती.