पुरे आणि पूरे

मिक्सर भिजत होता, आणि मयूराला ते बघवेना.

ऑगस्ट महिना, भर लॉकडाउनचा. डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवर किराणा दुकानाबाहेर माणसं दीड-दीड मीटरवर उभी होती. मेलबर्नचा पाऊस तो... धड पडत नाही, धड थांबत नाही, आडवा येऊन मास्क तेवढा ओला करून जातो. मयूराच्या पुढे एक उंच सरदार ट्रॉली धरून उभा होता. ट्रॉलीत पिठाची पोती, आणि पोत्यांवर चक्क उघडा ठेवलेला साउंड मिक्सर.

"एक्स्क्यूज मी... तुमचा मिक्सर भिजतोय."

तो वळला. मास्कच्या वर फक्त डोळे. "भिजू दे जी. चटणी कुठे वाटायचीय त्यात?"

एरवी तिला हसू आलं असतं. पण ही नागपूरची मयूरा रामटेके मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत साउंड शिकली होती, मोठमोठ्या कार्यक्रमांचा आवाज सांभाळत होती, आणि मार्चमध्ये कंपनीने तिला एका ईमेलवर घरी बसवलं होतं. आता ती कोल्ड स्टोअरमध्ये भाजी पॅक करायची. बोटांना बटणांची सवय आणि हातात ब्रोकोली, असे दिवस. ती पुढे झाली, अंगातला रेनकोट काढला आणि मिक्सरवर पांघरला.

"आता तुम्ही भिजताय," तो म्हणाला.

"मला शॉर्ट सर्किट होत नाही."

त्याच्या मास्कमध्ये काहीतरी हललं. हसला असावा. त्या वर्षी हसणं असं अंदाजानेच ओळखावं लागायचं.

त्याचं नाव हरजोत. दोघं बोलायची ती हिंदी-इंग्रजीची खिचडी, वर त्याच्या पंजाबीची फोडणी. मी आपली मराठीतच सांगते, नाहीतर गोष्ट राहील बाजूला.

हरजोत ट्रक चालवायचा आणि त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. इथल्या पंजाबी माणसांसाठी इंटरनेटवर रेडिओ काढायचा. खूळ तरी कसं म्हणावं? कामं गेलेली पोरं एकेका खोलीत कोंडलेली. मुलाकडे महिना-दोन महिने म्हणून आलेले आईबाप विमानं बंद झाल्यामुळे अडकलेले, आणि टीव्हीवरचं इंग्रजी त्यांना कळेना. काय चालू, काय बंद, ताप आला तर जायचं कुठे? हरजोतच्या गल्लीतले एक आजोबा टेस्ट कुठे होते हे न कळल्याने घरातच तापत राहिले आणि गेले. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती. तेवढीही जमली नाहीत.

"त्या दिवशी ठरवलं," तो म्हणाला. "नाव ठेवलंय रेडिओ सथ."

"साथ?"

"सथ. गावात झाडाखाली म्हातारे बसतात ना गप्पा मारत, ती जागा."

"म्हणजे पार."

"पार?"

"आमच्याकडे त्याला पार म्हणतात."

"बघा, एक शब्द मिळाला. आता हा रेनकोट द्यायला मी येऊ... की तुम्हीच न्यायला येता?"

ती न्यायला गेली. रेनकोट तिथेच राहिला आणि तीही.

स्टुडिओ म्हणजे बलबीर आंटींच्या मिठाईच्या दुकानामागची कोठीची खोली. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या, मोडीत काढलेल्या काउंटरची काच मधोमध उभी केली. पलीकडे माइकपाशी हरजोत, अलीकडे मिक्सर आणि फोन सांभाळत मयूरा. काचेवर ‘ताजी बर्फी’ असं स्टिकर होतं, ते काही केल्या निघेना. त्यामुळे तिला हरजोत दिसायचा तो बर्फीच्या वर डोळे आणि बर्फीच्या खाली दाढी.

"आंटी, याचं नाक आहे की नाही कोण जाणे," ती म्हणायची.

"नाकाचं काय करायचंय, कुडिये? डोळे बघ," आंटी म्हणायच्या आणि मुद्दाम खोकत दुकानात निघून जायच्या.

संध्याकाळी कार्यक्रम लागायचा. आज कुठली दुकानं उघडी, टेस्टला कुठे जायचं, एकट्या पडलेल्या कुणाला डबा हवाय, मधूनमधून गाणी. शेवटी हरजोत रोज एकच वाक्य म्हणायचा, "बापूजी, सुणदे ओ ना?" म्हणजे ऐकताय ना. पंजाबात मोग्याजवळच्या त्याच्या गावात तेव्हा दुपार असायची आणि बापूजी, म्हणजे त्याचे वडील, अंगणात खाट टाकून मुलीच्या फोनवर हा कार्यक्रम ऐकत असायचे. जन्मभर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेला माणूस. मुलगा परदेशी निघाला तेव्हा रडला नाही, मुलगा रेडिओवर बोलला तेव्हा रडला, असं हरजोतची बहीण राणो सांगायची. हरजोत कित्येक वर्षांत घरी गेला नव्हता. आधी पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी थांबला, मग बॉर्डर बंद झाली. खरं सांगायचं तर तो रेडिओ त्या एका श्रोत्यासाठी होता. बाकीचे आपले सोबतीला ऐकत होते.

मधल्या गाण्याच्या वेळी तो थर्मास घेऊन अलीकडे यायचा आणि तिच्या कपात चहा ओतायचा.

"पुरे... पुरे," ती म्हणायची.

प्रत्येक वेळी त्याचा हात थांबायचा. तो तिच्याकडे बघायचा आणि खाली मान घालून हसायचा.

"काय झालं?"

"काही नाही. परत म्हण ना."

"काय, पुरे?"

"हां... तेच."

"तुमच्या भाषेत काहीतरी वाईट आहे ना? सांग."

"सांगेन कधीतरी."

"सांगून टाक रे पोरीला," बलबीर आंटी एकदा ओरडल्याही होत्या. तो म्हणाला, "राहू द्या आंटी. तिच्या तोंडी गोड वाटतं." मयूराला लाजल्यासारखं झालं आणि विचारायचं राहून गेलं.

लॉकडाउन उठला, उन्हाळा आला. दोघं फॉस्टर स्ट्रीटच्या फुटपाथवर उभ्याने छोले खायची, मिक्सरवर एकाच बटणाकडे दोघांचे हात जायचे आणि उगाच रेंगाळायचे. कुणी काही बोललं नाही. बोलायचं ते बॉर्डर उघडल्यावर, त्याने एकदा घरी जाऊन आल्यावर, असं दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

मग पुढचा एप्रिल आला. गाण्यांची फर्माईश करणारे लोक आता फोनवर विचारायला लागले, लुधियानात ऑक्सिजन कुठे मिळेल? जालंधरला बेड आहे का कुठे? मयूराचा मामा नागपुरात कोरोनाने गेला. ती बातमी तिला कोल्ड स्टोअरमध्ये कळली आणि शिफ्ट संपेपर्यंत ती भाजी भरत राहिली, दुसरं करणार काय? त्याच आठवड्यात बापूजींना हॉस्पिटलात नेलं.

हरजोतचा जीव टांगणीला लागला. त्याचा व्हिसा तात्पुरता. एकदा देशाबाहेर पडला की परत आत घेणार नव्हते. तरी तो निघाला होता. पण बापूजींनीच फोनवर धापा टाकत सांगितलं, "तू बोलत राहा. मी ऐकतोय." आणि मग विमानंच बंद झाली. प्रश्नच मिटला. राणो रोज खबर द्यायची. इंजेक्शनांचा कोर्स चालू आहे, तो पूर्ण झाला की डॉक्टर सोडतील म्हणतात, शेवटचं उद्या.

तो ‘उद्या’ उजाडला. हरजोत माइकवर होता, त्याचा मोबाइल बंद. स्टुडिओचा फोन वाजला. राणोच होती, आणि रडत होती. लाइन खरखरत होती.

"वीरे नूं दस देयो जी... बापूजी पूरे हो गए... पूरे हो गए..." आणि फोन तुटला.

भावाला सांगा, एवढं मयूराला कळलं; पुढचं तिच्या कानांनी मराठीतच ऐकलं. पूर्ण झाले. संपला एकदाचा कोर्स. एवढ्या धसक्यानंतर कोण रडणार नाही? तिचेच डोळे भरून आले. तिने हरजोतच्या कानात बोलायचं बटण दाबलं.

"राणोदीचा फोन होता. बापूजींचा कोर्स पूर्ण झाला. घरी येतायत."

घरी येतायत असं राणो म्हणालीच नव्हती. ते मयूराने पदरचं घातलं.

बर्फीच्या वरचे ते डोळे तिने तसे कधी पाहिले नव्हते. तो माइकवरच हसायला लागला. "साडे बापूजी घर आ रहे ने," त्याने सगळ्या सथला सांगितलं. ढोलाचं गाणं लावलं. अभिनंदनाचे फोन यायला लागले. हरजोत उठून काचेपाशी आला, काचेवर तळवा टेकवला. मयूराने अलीकडून आपला तळवा त्यावर ठेवला. त्या घडीला त्याने काहीही विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

परत फोन वाजला. राणो. "बंद करो... रब दा वास्ता, बंद करो. बेबे सुण रही है." बेबे म्हणजे हरजोतची आई.

बलबीर आंटी पेढ्यांचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या. मयूराचा चेहरा बघून थबकल्या.

"मघाशी राणो काय म्हणाली? तिचेच शब्द सांग."

मयूराने सांगितले. आंटींनी ट्रे खाली ठेवला.

"कुडिये... आमच्यात माणूस पूरा झाला म्हणजे गेला."

मयूराने काचेकडे बघितलं. काचेपलीकडे हरजोत टेबलावर बोटांनी ढोलाचा ठेका धरत होता.

"मी सांगते त्याला," आंटी म्हणाल्या.

"नको. मी घातलंय त्याच्या कानात. मीच सांगेन."

तिने गाण्याचा आवाज उतरवला. आत जाऊन त्याच्या कानावरचे हेडफोन आपल्या हाताने काढले.

"हरजोत, राणोदी ‘पूरे हो गए’ म्हणाली होती. मला कळलं नाही. बापूजी गेले, हरजोत."

तो आधी हसला. चहा ओतताना हसायचा ना, अगदी तसाच... आणि ते हसू अर्ध्यात अडकलं. मग वळला, माइक सुरू केला आणि म्हणाला, "मेरे बापूजी पूरे हो गए."

पुढे काही नाही. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा, असं मयूराला युनीत शिकवलं होतं. ती मिक्सरपाशी परतली होती, पुढचं गाणं तयार होतं, बटणावर बोटही होतं. तिने ते दाबलं नाही. ती शांतता तिने चालू दिली. कुणाचाही फोन आला नाही.

बापूजींची चिता हरजोतने उभ्या ट्रकमध्ये बसून मोबाइलवर बघितली. मयूराने स्टुडिओची किल्ली आंटींकडे दिली आणि कानाला खडा लावला, परत कुणाच्या भाषेत पाऊल टाकायचं नाही. त्याचे फोन आले नाहीत, तिने केले नाहीत. कुठल्या तोंडाने करणार? रेडिओ सथ बंद पडला. मे संपता संपता लॉकडाउनही परत लागला.

अशाच एका आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, ती कामावरून येऊन बूट काढत असताना, नोबल पार्कच्या तिच्या घराच्या गेटपाशी तो दिसला. एका हातात तिचा रेनकोट, दुसऱ्यात थर्मास. दाढी विस्कटलेली, डोळे खोल गेलेले. ती मास्क लावून गेटपाशी गेली. मध्ये गेट तसंच राहिलं.

"रेनकोट द्यायला आलो."

"राहू द्यायचा."

त्याने रेनकोट गेटवर टाकला.

"बेबे कशी आहे?" तिने विचारलं.

"बोलत नाही फारशी. रेडिओचं नाव काढू देत नाही. खोटं कशाला सांगू?"

"तू पण रागावलास ना?"

"खूप. ट्रक कडेला लावून मोठमोठ्याने भांडलो तुझ्याशी. तू नव्हतीस तरी." तो थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिला. "मग आठवलं, तू रोज पुरे म्हणायचीस आणि मी रोज हसायचो. आंटी म्हणत होत्या, सांग तिला. मीच सांगितलं नाही. मला ते ऐकायचं असायचं ना... तुझ्या तोंडून. चूक अर्धी माझी आहे मयूरा."

"मी घरी येतायत म्हटलं. ते तर अख्खं माझंच होतं."

"हो," तो म्हणाला. "ते तुझंच."

तिला रडू आलं. तो काही समजूत घालायला गेला नाही.

"मी काल स्टुडिओत जाऊन बसलो," तो म्हणाला. "सवयीने तोंडात आलं, सुणदे ओ ना... आणि ऐकणारंच कुणी नाही."

"मी ऐकत होते की. रोज. काचेच्या अलीकडून." तिने बाहीने डोळे पुसले. "मला तू आवडतोस, हरजोत. आता हे म्हणायला मला तोंड नाही, पण आवडतोस."

"मला हे बॉर्डर उघडल्यावर सांगायचं होतं. बापूजींना भेटून आल्यावर. थांबून काय मिळालं?" त्याने गेटवर हात टेकवला. "मला तुझ्याशिवाय त्या खुर्चीत बसवत नाही. ये ना परत... स्टिकर काढलंय मी. ब्लेडने खरवडून."

"नाक दिसतं आता?"

"ये आणि बघ."

ती रडता रडता हसली. मास्क होता, पण त्याला कळलं. ती घरात जाऊन कप घेऊन आली. गेटच्या वरून हात लांबवून तो चहा ओतायला लागला. कप निम्मा भरला आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पुरे..."

तिने पटकन मास्कवर हात दाबला. चहाची धार थांबली.

"सॉरी... हरजोत, सॉरी."

"तुमच्यात काय होतं त्याचं?" त्याने विचारलं. "मी कधी विचारलंच नाही."

"काही नाही रे. म्हणजे... बास. आता अजून नको."

हरजोतने त्या निम्म्या कपाकडे बघितलं.

"मग इतक्यात म्हणू नकोस," तो म्हणाला आणि पुन्हा ओतायला लागला.

कप काठोकाठ भरला. गरम चहा तिच्या बोटांवरून खाली सांडायला लागला, तरी मयूरा पुरे म्हणाली नाही.