गोड मेलची तक्रार

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं पूर्वज सांगून गेले. पूर्वजांच्या काळी सायबर सुरक्षेचं सक्तीचं प्रशिक्षण नव्हतं, हा काही त्यांचा दोष नाही.

आवक-जावक विभागातली ती मात्र त्या प्रशिक्षणाला तिसऱ्यांदा बसली होती. कार्यालय मुद्दाम फसव्या मेल पाठवून माणसं पारखायचं आणि ती दरवेळी इमानेइतबारे फसायची.

"या वेळी कशाला भुललात?" नव्या प्रशिक्षकाने विचारलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं...

"हरवलेल्या मांजराला. फोटो बघावा म्हणून—"

"ते माझंच मांजर. हरवलं नव्हतं."

"म्हणजे मुक्या जनावरालाही कामाला जुंपलंत!"

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घाईघाईने म्हणाला, "चौथ्यांदा फसलात तर कॉम्प्युटर जाईल आणि तळघरात बदली होईल. मेल कितीही गोड असो, आधी तक्रार नोंदवा. मग पाठवणाऱ्याला प्रत्यक्ष गाठून विचारा."

सोमवारी मेल आली. 'मांजर तुमची आठवण काढतं. मीही. संध्याकाळी चहाला याल? "हो" दाबा.' खाली त्याचं नाव.

तिच्या काळजाने केव्हाच दाबलं होतं. बोट तेवढं अडलं.

"दाब गं!" शेजारच्या टेबलावरच्या मावशी कुजबुजल्या. "पोरगा लाखात एक आहे."

"आणि पोरगा नसून परीक्षा असली तर? मी तळघरात, मावशी!"

"आणि खरंच पोरगा असला तर?"

तिने डोळे मिटून तक्रार नोंदवली आणि त्याला गाठायला तीन जिने धावत चढली.

तक्रार तिच्याआधी पोचली होती. सुरक्षा विभागाचे साहेब मेलचा कागद हातात धरून बसले होते आणि समोर तो, कान लाल झालेला.

"ही... तुम्हीच पाठवलीत?" तिने धापा टाकत विचारलं.

"हो."

"परीक्षा म्हणून?"

"नाही हो! समोर येऊन विचारायची छाती झाली नाही—म्हणून."

"मग विचारा आता. समोरच आहे."

"याल... चहाला?"

"येते. मांजरालाही आणा. ओळख पटवायला."

साहेब उठले. प्रेमवीराला रागवायचं सोडून त्यांनी तिचाच हात हातात घेतला. "अकरा वर्षांत पहिली तक्रार! बाई, तुम्ही प्रशिक्षणाचं सोनं केलंत."

पुढच्या आठवड्यात साहेबांनी तीच मेल चाचणी म्हणून सगळ्यांना पाठवली. एकशे चाळीसपैकी एकशे बारा जणांनी 'हो' दाबलं.