घरी न्यायला कोण आहे?

बाल्डर सिगुर्डसनने मारिसेलला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या अंगावर शिशाचा एप्रन होता आणि हातात बेरियमच्या, खडूसारख्या पांढऱ्याफटक खिरीची वाटी. प्रेमात पडायला माणसं याहून बऱ्या जागा शोधतात. पण विनिपेगच्या जानेवारीत बाहेर कुठेही पडलं तरी माणूस थिजतोच. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात निदान हीटर चालू असतो.

"डब्यात काय आहे?" तिने विचारलं.

"आरोपी," तो म्हणाला.

गिळण्याच्या तपासणीला येताना, जो पदार्थ अडकतो तोच घेऊन या, असं फोनवर सांगितलं होतं. बाल्डरने आईच्या हातचा व्हिनारतेर्ता आणला होता. आलुबुखारच्या सारणाचे थर दिलेला हा केक त्याच्या पणजोबांबरोबर आइसलँडहून सरोवराकाठच्या गिमली गावात आला. म्हणजे कृती आली. केक ताजा होता.

मारिसेलने डबा उघडून वास घेतला. "इतक्या देखण्या आरोपीला हे पांढरं फासायचं माझ्या जिवावर येतंय हो."

"फासा. वर्षभर छळलंय त्याने."

वर्षभर तो चारचौघांत जेवला नव्हता. गोठलेल्या सरोवरात बर्फाखाली जाळी सोडणारा हा धिप्पाड कोळी. पण दुपारी सगळे खायला बसले की काहीतरी निमित्त काढून लांब जायचा आणि एकटाच थर्मासमधलं सूप प्यायचा. वडिलांचाही घास असाच अडकायचा. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि दाखवायला गेले तेव्हा कॅन्सर पार पसरला होता. बाल्डरनेही कोणाला सांगितलं नव्हतं. सिगुर्डसनांच्या घरात ही परंपरा केकइतकीच जपलेली.

त्याला यंत्रासमोर एका बाजूला तोंड करून उभं केलं. काचेमागून डॉक्टर फ्रीझनबाईंनी मान हलवली.

मारिसेलने चमचा पुढे केला. "तोंडात धरा... अजून नाही... आता गिळा."

बाल्डरने डोळे तिरके करून पडद्याकडे पाहिलं. त्याचाच जबडा, त्याच्याच मानेचे मणके. पांढरी खीर तिथे काळीभोर दिसत होती. ती जिभेवरून मागे सरकली, तशी श्वासाची वाट आपोआप मिटली, घास झरकन खाली गेला, वाट पुन्हा उघडली. बर्फाला भोक पाडून आत दिवा सोडावा आणि खालचं पाणी जागंच होतं हे कळावं... तसं काहीतरी.

"हे — मी करतोय?"

"जन्मल्यापासून. कोणी कधी शाबासकी दिली नसेल ना?"

मग केक. आता त्याला समोर वळवलं, आणि पडद्यावरचं चित्र घासाचा माग काढत छातीत उतरलं. घास पोटाच्या अगदी तोंडाशी थांबला. थांबूनच राहिला. त्याच्या बाजूला एक मोठी करडी सावली उसळत होती.

"ते काय?"

"हृदय."

"असंच उड्या मारतं?"

मारिसेलने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मी गिळण्याची तज्ज्ञ आहे, त्या खात्यात मी बोलत नाही. पण जरा... घाईत दिसतंय."

"मारिसेल," काचेमागून आवाज आला, "आपण घास बघतोय."

पाण्याच्या घोटाबरोबर घास गेला. फ्रीझनबाई बाहेर आल्या. "तळाशी अन्ननलिका अरुंद झालीय. कशाने, ते दुर्बीण आत घालून बघावं लागेल. जमलं तर फुग्याने तिथल्या तिथे रुंद करतील."

"माझ्या वडिलांना—"

"म्हणूनच बघायचं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मारिसेल वाटी पुसत होती. "गुंगीचं इंजेक्शन देतात. घरी न्यायला कोण आहे?"

"टॅक्सी."

"टॅक्सी चालत नाही. माणूस लागतं."

लग्नाला गिमलीत अख्खं गाव लोटतं. पण कामाच्या दिवशी रजा टाकून, झोकांड्या खाणाऱ्या माणसाला घरी पोचवणारं एक नाव सांगा म्हटलं, की भलेभले छताकडे बघतात. बाल्डर छताकडे बघत होता.

"आई?"

"तिने हे एकदा ऐकलंय. पुन्हा नाही ऐकवणार."

बराच वेळ पुसून झाल्यावर वाटी आणखी पुसावीशी वाटली असावी तिला. "मंगळवारी... मला सुट्टी असते."

"पेशंटबरोबर चालतं असं?"

"रिपोर्ट गेला की तुमच्या घशावर माझा काही हक्क उरत नाही."

मंगळवारी तो जागा झाला तेव्हा समोर लाल लोकरीची टोपी होती, आणि टोपीखाली मारिसेल. डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढलेला आतला फोटो दाखवला. "जुन्या आम्लपित्ताचा व्रण आवळून बसला होता, तो सैल केलाय. तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला तरी वाईट काही दिसलं नाही."

बाल्डर फोटोकडे बघतच राहिला. गुलाबी, ओलसर, चमचमणारी वाट. सरोवरावर दिवस उजाडावा तशी. वर्षभर त्या जागी तो वडिलांचं मरण घेऊन हिंडत होता.

"हे माझ्या आत होतं? इतकं... सुंदर?"

"सगळ्यांच्या असतं," ती म्हणाली. "बघत नाही कोणी."

तिने डबा उघडला. "लेचे फ्लान, आमच्याकडचा दूध-अंड्यांचा गोड पदार्थ. आमच्या नानायने, म्हणजे आईने केलाय. मऊ आहे, डॉक्टरांना विचारलंय."

त्याने चमचाभर घेतला. ती त्याच्या गळ्याकडे बघत होती. आज पडदा नव्हता.

"गेला?"

"गेला." मग त्याने सगळा डबा संपवला. तिच्यासमोर बसून.

"मारिसेल, मला तुला एक विचारायचंय—"

"आज नाही. गुंगीनंतर उद्यापर्यंत गाडी नाही, सही नाही, महत्त्वाचा निर्णय नाही. नियम आहे."

"मग उद्या विचारू?"

"उद्या विचार."

गिमलीच्या वाटेवर बाल्डर आज्ञाधारकपणे गप्प बसून होता. बाहेर भुरभुर बर्फ. शहराच्या शेवटच्या सिग्नलला गाडी थांबली, आणि मारिसेलने हातमोजा काढून त्याचा हात हातात घेतला.

त्याने हाताकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं होतं तसंच.

"हे... नियमात बसतं?"

"निर्णय घ्यायची बंदी तुला आहे," मारिसेल समोर बघत म्हणाली. "मला कुठे इंजेक्शन दिलंय?"