बाबा असा मरत नाही

"मामा, पुन्हा एकदा मरून दाखव ना," खडू म्हणाला.

मामा एका पायावर तयार. त्याने छाती धरली, लडखडला, गुडघ्यावर आला, समोरच्या कप्तानाला सलाम ठोकला आणि मेकअपच्या खोलीतल्या सोफ्यावर धाडकन आडवा झाला. मुंगी खदखदून हसली. सुट्टीत मामाकडे आल्यापासून ताई आणि तिचा भाऊ खडू यांनी हे मरण इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांना ते तोंडपाठ झालं होतं. मुंगी तर मामाचीच मुलगी. ती हल्ली जेवतानाही चमच्याने सलाम ठोकायची.

टीव्हीवरच्या अंतराळ मोहिमेच्या मालिकेत मामा चौथा अंतराळवीर होता. कप्तान बोलायचा, दुसरा-तिसराही बोलायचे आणि मामा मागे उभा राहून बटणं दाबायचा. आजवर त्याच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं, "होय, कप्तान." आज एका परक्या ग्रहावर त्याच्या पात्राचा बळी जाणार होता.

"निदान मरताना तरी कॅमेरा माझ्याकडे बघेल," मामा म्हणाला.

"बघून उपयोग काय? तुझ्या हेल्मेटची काच काळी," ताई म्हणाली. खरंच होतं ते. कप्तानाच्या हेल्मेटला काचच नव्हती, कारण त्याचा चेहरा दिसायला हवा. बाकीच्यांच्या काचा काळ्याकुट्ट. आतून मामाला अंधुक दिसे, पण बाहेरून मामा कुणालाच दिसत नसे.

कपडेवाल्या काकूंनी मामाला हेल्मेट चढवलं आणि मागची खिट्टी लावली. जाड हातमोजे घातल्यावर ती स्वतःची स्वतःला काढता यायची नाही. आत हवा ओढणारा छोटा पंखा घुरघुरायला लागला.

"काकू, मागची भोकं कुठे गेली?" ताईने विचारलं. काल तिथे भोकं होती. आज चंदेरी पट्टी होती.

"कॅमेऱ्यात दिसतात गं. आज कॅमेरा तुझ्या मामावर आहे ना, म्हणून त्याचीच बुजवली. भोकाचं हेल्मेट घालून अंतराळात कोण जातं? लोक हसतील. पंखा आहे की आत."

मुलांना सेटवर जायला बंदी होती. ती शेजारच्या छोट्या खोलीत, कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसलेल्या दिग्दर्शकांच्या मागे दाटीवाटीने बसली. खडूला तर सकाळीच दम मिळाला होता, कारण तो दिग्दर्शकांचा आवाज हुबेहूब काढायचा.

"आज सगळं एकाच टेकमध्ये घ्यायचंय," दिग्दर्शक माइकमधून म्हणाले. "मी कट म्हणेपर्यंत कुणीही थांबायचं नाही." मग मुलांकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही ब्र काढायचा नाही."

लाल दिवा लागला. बाजूला बसलेल्या साउंडवाल्याने कानांवर हेडफोन चढवता चढवता एक बटण बंद केलं.

"ते कसलं?" ताईने हळूच विचारलं.

"हेल्मेटचे पंखे. घुरघुर रेकॉर्ड होते ना. हवेला मागे भोकं आहेत की."

ताई त्याच्याकडे झुकली. "अहो, पण भोकं तर..." साउंडवाल्याला आता काही ऐकू येत नव्हतं. तिने दिग्दर्शकांची बाही ओढली. त्यांनी मान न वळवताच तिचा हात झटकला.

पडद्यावर कप्तानाचं लांबलचक भाषण चाललं होतं. मागे मामा बटणं दाबत होता. मग दाबायचा थांबला. त्याचे हात मानेमागे गेले. जाड बोटं खिट्टीवर घसरत राहिली. तो भिंतीवर आदळला.

"वा, काय करतोय हा माणूस! इतके दिवस कुठे लपला होता?" दिग्दर्शक पुटपुटले.

मुंगी उभी राहिली. ती हसत नव्हती.

"ताई, बाबा असा मरत नाही," ती म्हणाली. "त्याने सलाम नाही केला."

पडद्यावर मामा खाली कोसळला आणि त्याचा एक पाय नुसताच हलत राहिला. कप्तान त्याच्या शेजारी बसून संवाद म्हणत होता. इतकी माणसं होती तिथे, पण कुणी जागचं हलेना. कट म्हटलेलं नव्हतं ना!

"खडू, तू म्हण," ताई म्हणाली.

खडूची पाचावर धारण बसली होती. त्याने माइक हिसकावला, तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मुंगी त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ थरथरत होते.

"कट! कट! चौथ्याचं हेल्मेट काढा! आधी काढा!"

आवाज अगदी दिग्दर्शकांचा. कप्तानाने संवाद अर्धवट टाकून खिट्टी ओढली. दिग्दर्शक खडूवर ओरडायला वळले, तेवढ्यात पडद्यावर मामाचा चेहरा आला. काळानिळा, घामाने थबथबलेला. ते सगळ्यांच्या आधी पळत सुटले.

मुंगी पोचली तेव्हा मामा खोकत होता. मग त्याने मोठा, घरघरता श्वास घेतला, मग आणखी एक. मुंगी त्याच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली. खडूही रडला आणि ते त्याने लपवलं नाही.

ताईने हेल्मेट उचलून सगळ्यांसमोर ती पट्टी टराटरा काढली.

"मला वाटलं, पंखा आहे," काकू म्हणाल्या.

"मला वाटलं, भोकं आहेत," साउंडवाला म्हणाला.

दिग्दर्शक तिथेच जमिनीवर बसले. "आणि मला वाटलं, अभिनय आहे." थोड्या वेळाने त्यांनी खडूच्या खांद्यावर हात ठेवला. "माझा आवाज माझ्यापेक्षा तूच बरा वापरलास. तुम्ही तिघं नसतात तर..." मग ते उठले आणि सगळ्यांना म्हणाले, "यापुढे इथे कट कुणीही म्हणायचं. चहा देणाऱ्यानेसुद्धा."

संध्याकाळी घरी कुणाला जेवण जाईना. ते बघून मामा उठला, त्याने छाती धरली आणि सोफ्याकडे लडखडत निघाला.

"कट," मुंगी म्हणाली.

मामा तिथल्या तिथे थांबला. तिच्या भेदरलेल्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं, येऊन तिच्याजवळ बसला आणि तिला सलाम ठोकला.

"होय, कप्तान," तो म्हणाला.