आईच्या खोलीतली हवा

“एवढ्या घट्ट घरात मला बोलावलं तरी कशाला?”

पंखेवाला माझ्या कोपराशी गुडघे टेकून पुटपुटला. त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही.

यात पदरचं काहीच घालत नाहीये. मी तिथे होते. गेल्या हिवाळ्यातली दुपार, तीनचा सुमार, लख्ख ऊन, दादाचं घर. भुतं उजेडात येत नाहीत म्हणतात. म्हणोत बापडे.

आई जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून दादाला घरात गार झोत लागायचा. रोज, मानेवर. त्याने फटी बुजवल्या, दारांना रबर लावलं. झोत येतच राहिला. झोप उडाली, गालफडं बसली. शेवटी घरातून हवा कुठे गळते ते पंख्याने तपासणारा बोलावला, तोच हा पंखेवाला.

“एकदा काय ते सापडू दे, वन्सं,” वहिनी माझ्या कानात म्हणाली. “नाहीतर हा माणूस हातचा जाईल.”

पंखेवाल्याने पुढच्या दारात कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवला. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो. मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. तिथे धूर धरला की हलतो. एवढं साधं.

पंखा घोंघावू लागला. धूर सोडणारी बोटाएवढी नळी घेऊन तो खिडक्या, चौकटी, विजेची बटणं फिरला.

कुठेच काही नाही.

“डब्याचं झाकणसुद्धा इतकं घट्ट बसत नाही हो!”

राहिली आईची खोली. किल्ली शोधायला वहिनीने जरा जास्तच वेळ लावला.

वरचा झरोका फोम कोंबून, टेप लावून बंद केलेला. धूर तिथेही निश्चल. पंखेवाला वळला, आणि...

धूर पलंगाकडे ओढला गेला.

पंखा तर उलट्या दिशेला होता.

धूर उशीपाशी गेला... थांबला... परत आला. पुन्हा गेला...

आत. बाहेर. आत.

“पंखा बंद करा,” दादा म्हणाला.

केला. घर चिडीचूप.

आत... बाहेर... आता घाईघाईने. तोकडा.

वहिनीने खिडकी सताड उघडली. मी दार उघडलं. वारा आला, पडदे उडाले, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. उशीवरच्या धुराला त्यातलं काही म्हणजे काही मिळालं नाही. तो तसाच धडपडत राहिला. आम्ही चार धडधाकट माणसं नुसती उभी. हात द्यायचा तर कोणाला?

मग तो आत गेला...

आणि बाहेर आलाच नाही.

पंखेवाल्याने नळी खाली घेतली. “इथे... कोण झोपायचं?”

“आमच्या सासूबाई. वय झालं होतं,” वहिनी चटकन म्हणाली.

वर्षभर आम्ही सगळे हेच सांगत होतो. मीसुद्धा. आईला थंडी बाधते म्हणून तो फोम मीच आणून दिला होता. आजही पांघरूण नाकावर आलं की मी दचकून उठून बसते.

दादा पलंगाच्या कडेवर टेकला. उशीवर हात ठेवला.

“वय कसलं,” तो म्हणाला. “गॅसचा हीटर रात्रभर चालू होता, आणि झरोका मी बुजवला होता. आई गुदमरून गेली.”