पहिली थप्पी

माणसावर विश्वास ठेवावा की कागदावर, उत्तरा? तू शिकलेली, तू कागद म्हणशील. मीही तेच म्हणत होतो. बैस, चहा सांगितलाय. उद्यापासून तू आपल्या पावाच्या कारखान्यात गाड्या मोजायला उभी राहणार, तेव्हा हे काकाच्या तोंडून ऐकलेलं बरं. प्लॅटफॉर्मवरची माणसं तिखटमीठ लावून सांगतील.

मी सातवीत शाळा सोडली आणि बार्शीहून दिल्लीला आलो. सदर बाजारात ब्रेडच्या प्लास्टिक पिशव्या विकायचो. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एक लालाजी. ते म्हणायचे, अण्णा, तू पिशवी विकतोस, मी हवा विकतो, मैदा फक्त साक्षीला असतो. पुढे त्यांच्याच कारखान्यात मी भागीदार झालो, आणि ते गेल्यावर मालक. दिल्लीबाहेर कुंडली गावात, पानिपतच्या हायवेला लागून. दिवसाला तीस हजार ब्रेड. एका टोकाला मैद्याची पोती ओततात, दुसऱ्या टोकाला पिशवीत भरलेला ब्रेड क्रेटमध्ये बसतो, आणि क्रेटच्या थप्प्या गाडीत चढतात.

या दुसऱ्या टोकाला दामू होता. बार्शीच्या अडतीतला जुना हमाल. माझ्या शाळासोबत्यानं, शांतारामनं, आपल्या शब्दावर पाठवलेला. दामू प्लॅटफॉर्मवर उभा राहून थप्प्या मोठ्यानं मोजायचा, आणि काचेच्या केबिनमध्ये बसलेला सतबीर प्रत्येक हाकेला कागदावर एक रेघ ओढायचा. दामूला लिहिता येत नव्हतं, सतबीरला मराठी येत नव्हती. पण दोन, तीन, चार कुणाला कळत नाही?

मी सदरच्या गादीवर बसून फक्त कागद बघायचो. तिथून दिसलं, की माल जुळत नाहीये. जेवढा पिशवीत भरतो त्यापेक्षा कमी बाहेर पडतो. नऊ गाड्या, रोज नऊ थप्प्या कमी. सतबीरला विचारलं तर तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाबूजी, बोलता है अठारह, चढ़ते हैं सत्रह।" रेघा मोजल्या. प्रत्येक गाडीला सतरा. ड्रायव्हरांना विचारलं, सगळे शपथेवर सतरा म्हणाले. चलनावर, म्हणजे माल नेल्याच्या पावतीवर, सह्या होत्याच.

मी कारखान्यात गेलो, दामूला समोर उभं केलं. दर गाडीमागे एक थप्पी जाते कुठं, विचारलं.

तो म्हणाला, "जाईल कशी, शेठ? लाभ धरूनच मोजतो मी. पहिल्यापासून."

लाभ धरून! माझ्या तोंडावर! मला वाटलं, म्हाताऱ्याला आता लाजही राहिली नाही. सांगितलं, तुझा लाभ घे आणि घरी जा. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी कुठल्या तरी परक्या भाषेत बोललो. मग एवढंच म्हणाला, "गावाकडं चोर म्हणून कळवू नका, शेठ. शांतारामभाऊंच्या शब्दावर आलोय."

शांतारामला मी सकाळीच फोन करून मोकळा झालो होतो.

तीनेक आठवडे गेले. जानेवारीतला रविवार. भट्टीच्या दुरुस्तीसाठी कारखाना आदल्या दिवसापासून बंद. मला चलनाची जुनी पुस्तकं हवी होती, म्हणून एकटाच गेलो. सकाळचे दहा वाजलेले, पण इथलं जानेवारीतलं धुकं तुला माहीत आहे. गेटवरचा चौकीदार शेकोटीजवळ बसलेला, चार पावलांवरून फक्त त्याची विडी दिसत होती.

आत गेलो. थंडीनं आकसणाऱ्या लोखंडाचा टक... टक... असा आवाज. सगळीकडे यीस्टचा आंबूस वास, बंद कारखान्याला येतोच तो. मी केबिनकडे वळलो आणि वास बदलला. गरम ब्रेडचा. नुकत्या निघालेल्या.

भट्टीला हात लावून बघितला. गार.

मग शटरपलीकडून, प्लॅटफॉर्मवरून, क्रेट आपटल्याचा आवाज आला. आणि त्यामागून हलक्या आवाजात...

"लाभ..."

पुन्हा क्रेट. "दोन..."

"तीन..."

खरं सांगतो, भूत वगैरे माझ्या मनात आलं नाही. मनात आलं ते हे, की दामू चोरी करायला परत आला. माझा स्वभावच तसा. शटरला कान लावून ऐकत राहिलो, रंगेहाथ पकडावा म्हणून. चार... पाच... आणि मधेच आठवलं. उत्तरा, बार्शीच्या अडतीत माझे वडील ज्वारी मोजायचे. धान्य मोजताना आपल्याकडे 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, मग दोन, मग तीन. मी स्वतः पोरवयात तसंच मोजलं होतं. पस्तीस वर्षं दिल्लीत हिंदीत भाव केले, त्यात तो शब्द कुठं गळून पडला, कळलंच नाही.

आवाज अठरावर थांबला. मी शटर वर केलं. गाडी नाही, क्रेट नाही. कोरडी फरशी आणि धुकं.

तिथूनच सतबीरला फोन लावला. दामू 'लाभ' म्हणायचा तेव्हा तू काय करायचास? तो साधेपणानं म्हणाला, "वो तो पहले अपने भगवान का नाम लेता था जी। उसकी लकीर थोड़े ही लगती है।"

म्हणजे चढायच्या अठरा, रेघा सतरा, चलन सतराचं, आणि वरची एक थप्पी ड्रायव्हर विकून खायचे. चोर सगळे प्रामाणिक ठरले होते, आणि एकटा प्रामाणिक होता तो चोर.

लगेच शांतारामला फोन केला. म्हटलं, दामू स्वच्छ आहे, चूक माझी, गावात सगळ्यांना सांग.

तो म्हणाला, "कुणाला सांगू, अण्णा? काल तेरावं झालं त्याचं. खांदा द्यायला आम्ही चौघंच होतो. चोराच्या मयताला कोण येतंय..."

ड्रायव्हर काढले. गावी गेलो, चार लोकांना गोळा करून, हात जोडून खरं सांगितलं. दामूच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आता मला नका सांगू. जिथं लिवलंय तिथं सांगा."

म्हणून परत येऊन जुने कागद दुरुस्त करायला कपाट उघडलं. किल्ली फक्त माझ्याकडे असते. प्रत्येक कागदावर सतरा रेघा मी मोजल्या होत्या, खाली माझी सही. आता अठरा होत्या. पहिलीच्या अलीकडे, समासात, एक तिरकी रेघ. शाईची नाही. नखानं ओढावी तशी खोल, आणि तिच्यात मैदा भरलेला.

त्यानंतर मोजायला तीन जण आले आणि गेले. ते 'एक' म्हणून कागदाकडे बघायचे, तर रेघ आधीच असायची. त्यांनी वर स्वतःची ओढली की बेरीज चुकायची. मी कुलपं बदलली, कागद बदलले, एकाला तर थेट विचारलं की कुणाकडून पैसे घेतोस. सवय जात नाही, बाई.

तेव्हा उद्या पहिली थप्पी चढेल तेव्हा तू गप्प राहा. ऐकू येईल किंवा नाही येणार, पण रेघ असेल. खोडू नकोस, दोनपासून मोज, असं सांगायचं ठरवलं होतं मी.

पण परवापासून समासात दोन रेघा असतात. दुसरी आखूड आहे, घाईत ओढल्यासारखी, आणि दामूची नाही. कुणाची असेल, आठवतोय. पस्तीस वर्षांत कुणाकुणाला चोर म्हणून दारातून काढलं, त्याची यादी मी कधी ठेवली नाही.

तू हिशेब खरा ठेव, पोरी.