वास गेला की पळायचं

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ज्याला पटणार नाही त्यानं चंपाक्काला विचारावं, ती अजून याच यार्डात कामाला आहे.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्षातला गुरुवार. संध्याकाळची वेळ, ऊन अजून होतं. माझी बायको शालन असती तर घरी घट मांडून बसली असती.

मी शिवाप्पा. गाव निपाणीकडचं. सर्जापूर रोडच्या पुढे, बिल्डिंगा संपतात तिथे आमचं खताचं यार्ड आहे. अपार्टमेंटच्या मैलापाण्याचा गाळ इथे येतो. त्यात लाकडाचा भुसा मिसळायचा, ढीग लावायचे, वर तयार खताचा जाड थर द्यायचा. म्हणजे वास दबतो.

ढिगांचं पाणी एका खोल खड्ड्यात झिरपतं. तिथे गॅस होतो. सडक्या अंड्याचा वास आला तर उतरायचं नाही. आणि येणारा वास एकदम गेला, तर पळायचं. गॅस वाढला की नाक मरतं.

अजून एक नियम. खाली उतरणाऱ्यानं खड्ड्यातून वर येणाऱ्या पाइपवर दोन ठोके द्यायचे, वरच्यानं दोन परत द्यायचे. म्हणजे दोघंही ठीक.

शालन त्याच खड्ड्यात वारली.

वासाच्या तक्रारी होत्या म्हणून ती गेली त्या दिवशी अपार्टमेंटची माणसं यार्ड बघायला येणार होती. वास शोषायला लाकडी चिपांचा थर असतो, तो कुजला होता. मॅनेजर योगीराजनी तो बदलला नाही. यार्डभर लिंबाच्या सेंटचा फवारा सोडला. तेवढ्यात खड्ड्यातला पंप तुंबला. मी भुसा आणायला गेलो होतो. शालन उतरली. तिला अंड्याचा वास कुठून येणार, सगळीकडे लिंबू.

चंपाक्का म्हणाली, ठोके बराच वेळ ऐकू येत होते. तिला वाटलं, वर सर उभे आहेत.

वर कोणी नव्हतं.

योगीराजनी सगळ्यांना सांगितलं, बाई न विचारता उतरली, तिचीच चूक. माझ्या सासऱ्यांनाही तेच सांगितलं. मला योगीराजच्या तोंडून एकच ऐकायचं होतं... तिला पाठवलं कोणी?

पुढे खड्ड्यावर लोखंडी झाकण बसलं. कुलूप लागलं. पंप वर आणला, खड्डा कोरडा केला.

त्या गुरुवारी पुन्हा पाहुणे येणार होते.

"शिवाप्पा, फवारा सोड," योगीराज म्हणाले. "स्वल्प जास्तच सोड."

सोडला. पांढरं धुकं पसरलं.

पण...

लिंबाचा वास आला नाही.

मी ढिगाजवळ गेलो. गाळाचाही वास नाही.

मग लक्षात आलं... माश्या नाहीत. एकही नाही.

चंपाक्कानं फावडं टाकलं. "अण्णा, वास गेला. चल," म्हणाली आणि गेटकडे पळत सुटली.

माझे पाय निघेनात.

योगीराज मात्र खूश. "बघ, आज यार्ड कसं देवळासारखं."

आणि तेव्हा...

ठक. ठक.

झाकणाखालून.

"खाली कोणाला सोडलंस?"

"कोणाला नाही. चावी तुमच्याच खिशात आहे."

ठक. ठक.

"उत्तर द्या, सर," मी म्हणालो. "वर तुम्ही आहात."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते बोलले, पण माझ्याशी नाही. झाकणाशी बोलले.

"मीच पाठवलं तुला. लवकर उतर म्हटलं, पाहुणे येतायत. मग फोन आला, म्हणून बाजूला गेलो."

खाली सगळं शांत झालं.

मग त्यांनी चावी काढली. कुलूप उघडलं. कुणी हाक मारल्यासारखे शिडीवरून उतरत गेले. त्यांना कोणी ढकललं नाही, हे मी पोलिसांनाही सांगितलं.

थोड्या वेळानं खालून दोन ठोके आले. घाईचे.

माझ्या हातात पाना होता. पाइप शेजारीच होता.

मी उत्तर दिलं नाही.

फायर ब्रिगेडच्या मशीननं गॅस दाखवला नाही. खड्डा कोरडा होता. पण वर काढलेल्या योगीराजच्या प्रेताला लिंबाचा वास येत होता. घरच्यांनी आंघोळ घातली तरी गेला नाही, असं ऐकलं.

मला वाटलं, आता ती शांत झाली असेल.

पण चिपांचा थर अजून तोच आहे. उद्या मालक स्वतः येणार आहेत, बरोबर पाहुणे. फोनवर म्हणाले, लिंबाचा फवारा तयार ठेव.

आज सकाळपासून यार्डात माश्या नाहीत.

हे लिहिताना समोर चहा आहे. आलं घातलंय. त्याला वास येत नाही.

आणि झाकणाखालून... दोन ठोके. थांबून, जड हाताचे आणखी दोन.

चावी आता माझ्याकडे असते. मालकांनी मागितली तर देईन.